बाराच्या आत

बाराला दहा मिनिटं असताना मी ताटावर बसले आणि पाळण्यात लेक रडायला लागली.

आज बुद्धपौर्णिमा. मी पहिल्यांदाच अष्टशील धरलं होतं. म्हणजे दुपारी बारानंतर थेट उद्या सकाळीच जेवायचं. सासूबाई वंदनेच्या वेळीच म्हणाल्या होत्या, "अंगावर पिणारं लेकरू असताना कशाला गं हे? तुझ्यानं निभायचं नाही."

लेकीला उचलून घेतलं, तशी ती पदराखाली शिरली. एका हातावर तिचं डोकं, दुसऱ्या हाताचं बोट तिच्या मुठीत. बोट सोडवलं की आकांत. अंगणातल्या पिंपळाची सावली आक्रसत खोडापाशी आली होती. राहिलं आपलं जेवण, म्हटलं.

तेवढ्यात सासूबाई माझं ताट पुढ्यात ओढून बसल्या.

"आ कर."

"अहो आई, मी खाते ना..."

"कोणत्या हातानं? आ कर मुकाट्यानं."

एक घास, एक नजर सावलीवर. वरणभात, खीर, पुन्हा वरणभात. शेवटचा घास गिळला आणि घड्याळात बारा वाजले.

"निभलं बघ," त्या पदराला हात पुसत म्हणाल्या.

तेव्हा मला ओट्यावर त्यांचं झाकलेलं ताट दिसलं. अष्टशील त्यांचंही होतं.

"आई, तुमचं जेवण!"

"मला तीस वर्षांची सवय आहे."

बारानंतर सरबत चालतं. दुपारभर मी त्यांना लिंबाचं सरबत देत राहिले. चौथ्या पेल्याला त्यांनी हातच जोडले.

"अगं, शील नाही मोडत, पण पोट फुटेल माझं!"