फितींचे पन्नास सेने

"हे चौथं बिल," असं म्हणत वाओसाने छापलेला कागद नवऱ्यापुढे आपटला. "वर लाल शाईत 'चौथी आठवण' लिहिलंय. आता तरी दिसेल त्या माणसाला."

पेनियामिनाने आकडा वाचला. दोन हजार चारशे सदतीस ताला, पन्नास सेने. "अगं, ते पन्नास सेने तरी सोड."

"का सोडू? फिती मी विकत आणल्यात."

तीन आठवड्यांपूर्वी तागोमाई या बड्या घराणेप्रमुखाच्या आईची नव्वदी वाओसाने पार पाडली होती. मंडप, चारशे खुर्च्या, फुलं, केक, सगळं तिचंच. बिल त्या दिवशी सकाळीच तागोमाईंच्या हातात ठेवलं होतं. संध्याकाळी भाषणं संपली, आणि रिवाजाप्रमाणे तिला पुढे बोलावून मानाची चटई, मासळीच्या डब्यांचं खोकं आणि एक पांढरं पाकीट दिलं.

मानाचं पाकीट उघडून मोजायचं नाही, पुढच्या कार्यात तसंच पुढे सारायचं, ही तिच्या आईची शिकवण. पाच-पाचच्या नोटा कोंबून ते फुगवलेलं असतं, हे आपिया शहरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. या पाकिटात तर नाणंसुद्धा खुळखुळत होतं. एवढा मोठा माणूस आणि चिल्लर! वाओसाने ते खणात टाकलं.

सोमवारपर्यंत हप्ता भरला नाही तर बँक तिची गाडी ओढून नेणार होती. गाडी गेली की धंदा बसलाच. शुक्रवारी ती स्वतःच तागोमाईंकडे गेली. त्यांच्या बायकोने कोको पुढे ठेवला. वाओसाने त्याला हात लावला नाही.

"तागोमाई, माझं बिल."

"पोरी, सगळ्या गावादेखत तुझा मान केला की आम्ही. विसरलीस?"

"मानावर गाडी चालत नाही."

"पुन्हा पुन्हा मागायला येतेस, लाज नाही वाटत?"

"लाज मला?" वाओसाचा आवाज चढला. "राबले मी, आणि लाज मी बाळगू?"

तागोमाईंनी कागदाची घडी घालून ती कपाखाली सारली. "तुझी आई असती तर आज तिने मान खाली घातली असती. जा आता."

वाओसाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं. पायरीवरून ती मागे वळली. "ऐपत नव्हती तर नव्वदी करायची नव्हती! फुकटे!"

त्या घराला भिंती नव्हत्याच, नुसते खांब. शेजाऱ्यांनी शब्दन् शब्द ऐकला.

रविवारी चर्चची वर्षाची मोठी देणगी होती. घरात उरले होते वीस ताला. वीस! तेही सगळ्यांसमोर नाव घेऊन वाचले जाणार. पांढरे कपडे घालून ती खणापाशी उभी राहिली, तेव्हा तिला ते पाकीट आठवलं.

"असतील चाळीस-पन्नास," ती नवऱ्याला म्हणाली. "त्या कंजूष माणसाचे पैसे देवाच्या तरी कामी येऊ देत." तिने वीसची नोट पर्समध्ये परत ठेवली, पाकिटावर दोघांची नावं लिहिली आणि चर्चमध्ये पोचल्यावर ते ताटात ठेवलं.

प्रार्थना झाली. बाजूच्या टेबलावर पाकिटं फोडून झाली आणि वयस्कर कारभारी यादी घेऊन उभे राहिले.

"फेतुआओ कुटुंब, दीडशे ताला."

लोकांनी माना डोलावल्या.

"सामासोनी कुटुंब, दोनशे ताला."

वाओसा खाली बघत बसली. आता आपलं नाव येणार, आणि बायका एकमेकींना कोपरखळ्या मारणार.

"पेनियामिना आणि वाओसा." कारभारी थांबले. त्यांनी चष्मा पुसला, कागद पुन्हा वाचला. पहिल्या बाकावरून तागोमाईंनी सावकाश मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"दोन हजार चारशे सदतीस ताला," कारभारी म्हणाले, "पन्नास सेने."