आवाजाच्या रोखाने

"अरे कासवा, सूप गार झालं!" थर्मास उघडत निशिगंधा ओरडली. धुक्यातून नवऱ्याचं उत्तर आलं, "आलो गं!"

फोटो काढत तो आधीच्या शिखरावर रेंगाळला होता. धुकं दाटलं तर तिने हाका मारायच्या, आवाजाच्या रोखाने तो येणार, असं ठरलं होतं. प्रत्येक उत्तर थेट समोरून, आणखी जवळून येत होतं.

वाऱ्याने क्षणभर धुकं फाटलं. समोर तुटलेला कडा होता. खूप खाली तळं आणि सकाळी सोडलेलं गाव. दरीपलीकडे त्याचं शिखर. वाट तर मागून, डोंगराला वळसा घालून येत होती. पुन्हा सगळं पांढरं झालं.

"थांब! पुढे येऊ नकोस!" ती किंचाळली.

समोरच्या वाऱ्याने शब्द विस्कटले. पलीकडे पोचली ती नुसती किंकाळी.

"घाबरू नकोस गं," तो ओरडला, "धावत येतो!"