फुल्यांची पाटी

आलिया लातूरहून सुट्टीला मुखेडला आली आणि तिनं अब्बांसमोर लॅपटॉप उघडला. काळ्या स्क्रीनवर एका ओळीची कमांड दिली, की हवं ते नाव फुल्याफुल्या जोडून पाटीसारखं ठसठशीत उमटायचं. अब्बांनी, म्हणजे गावच्या पाशामियाँनी, चाळीस वर्षं गावातल्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. फ्लेक्स आल्यापासून त्यांचे ब्रश डब्यात कडक होऊन पडले होते.

तिनं 'नागप्पा किराणा' काढून दाखवलं.

"लाइनी सरळ हायेत," ते म्हणाले, "पर माणसाचा हात दिसत न्हाई."

आलिया जराशी हिरमुसली. "मग तुम्हीच सांगा, कुणाचं नाव काढू?"

अब्बांनी डब्यातल्या ब्रशांकडं पाहिलं. मग हळूच म्हणाले, "चांदबी."

अम्मीचं नाव त्यांनी आयुष्यात एकदाच रंगवलं होतं. मागच्या वर्षी, कबरीच्या दगडावर.

आलियानं एंटर दाबलं. नाव स्क्रीनभर उभं राहिलं. अब्बांनी बोट पुढं केलं आणि अक्षराला न लावताच मागं घेतलं. तिला ते बघवेना. ती घाईनं लॅपटॉप मिटायला गेली.

"झाकू नको, बेटा," ते म्हणाले. "वाळू दे थोडं."