बंकट पडेना

सुंदररावांच्या रानात बंकट तीन चकरा मारून आला, पण पडला काही नाही.

बोरची गाडी बांधावर घरघरत उभी होती. हळदकुंकवाचं ताट तयार होतं, नारळ तयार होता, पन्नासेक माणसं उन्हात ताटकळली होती. सुंदरराव जीपच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते. घाटनांदूरच्या आसपास कुणाच्याही लग्नात पहिला हार ज्यांच्या गळ्यात पडतो, ते हे सुंदरराव. त्यांना ताटकळायची सवय नव्हती.

"कावून पडंना बे?" त्यांनी विचारलं.

"कालपासून पडलोच न्हाई, मालक," बंकट खाली मान घालून म्हणाला.

चार वर्षं बंकटला चक्कर यायची. कूस बदलली की घर फिरायचं, वर बघितलं की आभाळ फिरायचं, कडब्याची पेंडी उचलायला वाकला की पेंडीसकट खाली. एका डॉक्टरनं मणका सांगितला, दुसऱ्यानं पित्त, तिसऱ्यानं बीपी. चौथा म्हणाला, मनाचं आहे. मशीनमध्ये घालून डोक्याचे फोटो काढले, त्यात काहीच निघालं नाही. "ह्याच्या डोक्यात काही न्हाई, हे सांगायला मशीन कशाला लागतंय?" असं त्याचा थोरला भाऊ भागवत पारावर सांगत सुटला. भागवतचं निदान पहिल्या दिवसापासून एकच होतं. सोंग! पेरणी आली की पडतंय, खुरपणी आली की पडतंय. ज्या आजाराला नाव नाही, तो आजार कसला? बंकटनं चक्कर सोसली असती. सख्खा भाऊ सोंगाड्या म्हणतो, ते मात्र त्याला सोसत नव्हतं.

मग उन्हाळ्यात भागवतच्या रानात दोन बोर कोरडे गेले. तिसऱ्याला जागा शोधत असताना बंकट नेमका मधोमध आडवा झाला. भागवतच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पडायला हीच जागा घावली व्हय? मारा रे हितंच!"

बंकटला बाजूला ओढून तिथंच बोर मारला, आणि दीडशे फुटांवर पाणी उसळलं.

मग काय विचारता! पाणाड्या धुळाजी तळहातावर नारळ घेऊन रानं फिरायचा, नारळ उभा राहिला की खाली पाणी सांगायचा. तो घरी बसला. लोक बंकटला मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून नेऊ लागले. रानातून फिरवायचं, वर बघ म्हणायचं, खाली वाक म्हणायचं. पडला की तिथं दगड ठेवायचा, हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा, आणि मग सवड झाली तर बंकटला उठवायचं. सात ठिकाणी पडला, पाच ठिकाणी पाणी लागलं. लोक त्याच्या पाया पडू लागले. भागवत तेवढा हटला नाही. "पाणी खरं हाय," तो म्हणायचा, "पडणं सोंगच."

आणि काल बंकट अंबाजोगाईला गेला. दवाखान्यातल्या तरण्या डॉक्टरीणबाईनं त्याला टेबलावर निजवलं, मान वळवली, डोळ्यांत पाहिलं आणि ती हसली. "काका, कानातले बारीक खडे जागचे सरकलेत तुमच्या." मग डोकं इकडं, डोकं तिकडं, एका कुशीवर, आणि उठवून बसवलं. पाच मिनिटं. फिरणारं जग थांबलं. बंकट तिथंच ढसाढसा रडला. बाईनं आजाराचं नाव कागदावर लिहून दिलं. ती चिठ्ठी त्यानं अंगाऱ्याच्या पुडीसारखी खिशात जपून आणली होती, भावाला दाखवायला.

आता, गर्दीत उभ्या असलेल्या भागवतसमोर, त्यानं ती बाहेर काढली.

"मी बरा झालो, मालक. काल अंबाजोगाईला गेलतो. दादा, हे बघ, नाव हाय त्याला. कानात खडे सरकले व्हते. बाईनं पाच मिन्टात डोकं हलवून जागेवर बसवले."

भागवतनं चिठ्ठी उलटीसुलटी करून पाहिली.

"डोकं हलवून? भुईमुगाचं पोतं हाय का ते, आपटलं की बसलं?"

सगळं रान हसलं.

"चार वर्साचा आजार पाच मिन्टात जातो व्हय रे? गेला म्हंजे नव्हताच. मी काय म्हणत व्हतो?"

लोकांच्या माना हलल्या. बोलणं वाजवी होतं. भागवत-बंकटच्या बापाचा दमा बापासंगंच गेला होता. आजार कसा, असा पाहिजे. सुंदरराव खुर्चीतून उठले.

"म्हंजे रानोरान लोळून आमाला येड्यात काढलंस व्हय बे?"

बंकटनं भावाकडं पाहिलं. भागवत अजून हसत होता. बंकटला वाटलं, चार वर्षं भिंती धरून चाललो, ओकून ओकून आतडी पिळून निघाली, ते सगळं ह्यानं एका हसण्यात पुसून टाकलं. खरं सांगून काही उपयोग नव्हता.

त्यानं वर पाहिलं. आभाळ जागच्या जागी होतं.

खरी चक्कर यायची तेव्हा तो गपकन खाली बसायचा आणि मुकाट्यानं आडवा व्हायचा. आज त्यानं डोळे पांढरे केले, हात पसरून दोन गिरक्या घेतल्या, "आई गं!" अशी आरोळी ठोकली आणि धाडकन अंग टाकून दिलं. ढेकळावर कोपर फुटलं.

"पडला! पडला!"

नारळ फुटला. बोरची गाडी बांध ओलांडून आत आली. गर्दी बाजूला सारत भागवत धावत आला. त्यानं बंकटचं डोकं मांडीवर घेतलं, रक्ताळलेलं कोपर आपल्या पटक्यानं बांधलं, आणि त्या दांडग्या माणसाला रडू फुटलं.

"चुकलो रे बंकट," तो म्हणाला. "आज पटलं मला. असलं सोंग कुण्या माणसाला जमायचंच न्हाई."