दुसऱ्या फाइलीतली मापं

“छाती सव्वीस, कंबर बावीस, बाही सोळा, वाढत्या अंगाला बोटभर जास्त…”

बाबा मापं सांगायचे ते गाणं म्हटल्यासारखं. खडूने फळ्यावर उतरवून घेता घेता थोरलीची मान डोलायची. इतक्या वर्षांनी तो आवाज आज तिच्या कानात घुमत होता, कारण समोर संगणकाच्या पडद्यावर नाटकातल्या आठ वर्षांच्या परीची कंबर छप्पन्न आली होती.

शाळेच्या नाटकाचे पोशाख उद्या द्यायचे होते. निळं सॅटिन सकाळपासून टेबलावर पसरलेलं, पण त्याला कात्री लावायची कुठल्या भरवशावर? शेवटी तिने धाकट्या भावाला हाक मारली. रस्त्यापलीकडे त्याचं त्याच शाळेच्या गणवेशांचं दुकान होतं. तो वेगळा झाला तेव्हा, तुझ्यावाचून माझं काही अडत नाही, असं तिने ऐकवलं होतं. त्याची मापं म्हणजे अंदाजपंचे, हे तर ती लहानपणापासून म्हणत आली होती.

धाकटा आला, पडद्याकडे बघून म्हणाला, “ही परी उडायची कशी, ताई? हिला क्रेन लागेल.”

मापांच्या तक्त्याची फाइल उघडताना सूचना आली, ही फाइल दुसऱ्या फाइलींशी जोडलेली आहे. ती रोजच येते, तिकडे नको लक्ष देऊस, असं थोरली घाईघाईने म्हणाली. चहा टाकू का, हेही विचारून झालं. पण धाकटा हट्टाला पेटला होता. दुसऱ्या फाइलीचं नाव सूत्रात चौकटी कंसात असतं, कंस शोधला की बाहेरून आलेले सगळे रकाने सापडतात, असं सांगत त्याने शोधायच्या जागी एकच कंस टाकला.

रकान्यांची रांग खाली उतरत गेली. परी, राजा, ससा, दोन झाडं. प्रत्येकापुढे एकाच फाइलीचं नाव. त्याच्या.

धाकट्याने कपाळावर हात मारला. कालच त्याने आपल्या दुकानातली सगळी मापं इंचांवरून सेंटिमीटरवर नेली होती. त्याने ती तिथल्या तिथे परत इंचांवर आणली. परी बावीसवर आली. राजाची ढेरी उतरली. ससा सशाएवढा झाला. दोघं इतके हसले की थोरलीला खुर्चीचा हात धरावा लागला.

डोळे पुसत धाकटा म्हणाला, “जुनं कधीतरी जोडलेलं राहून गेलं असेल. तोडून टाकू?”

“राहून नाही गेलं. तू गेल्यावर मीच जोडलंय.”

थोरलीने कात्री उचलली. निळ्या सॅटिनमध्ये ती सरसर शिरली. मान वर न करता थोरली म्हणाली, “माझ्या मापावर मी कापड दोनदा मोजते रे. तुझ्या मापावर एकदाही नाही.”