तिसरा सिलिंडर

यवतमाळच्या घरामागील पत्र्याच्या शेडमध्ये गेली नऊ वर्षे मी एक जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार दुरुस्त करतो आहे. ती सुरू झाली की घर विकून कायमचे मुलाकडे पुण्याला जायचे, असे मी ठरवले होते. मात्र चारही सिलिंडरचा दाब पुरेसा भरल्याशिवाय इंजिन सुरू करायचे नाही, ही तंत्रनिकेतनापासूनची माझी शिस्त.

मापकावरचे बारीक आकडे मला आता दिसत नाहीत. पत्नी वच्छला ते वाचून वहीत नोंदवते. तिसऱ्या सिलिंडरचा दाब दर वेळी कमीच भरायचा. त्यापायी मी इंजिन चार वेळा पूर्ण उघडले.

काल माझा जुना विद्यार्थी तारिक नेरहून आला. त्याने स्वतः दाब मोजला आणि हसू लागला.

"सर, चारही एकदम बरोबर आहेत. इंजिन कायले खोलून राह्यले तुम्ही?"

मी वही मिटली. "वच्छला, चाळीस वर्षांच्या संसारात तू मला खोटे आकडे सांगितलेस?"



तिने तारिकच्या हाती चहाचा कप दिला आणि शांतपणे म्हणाली, "अन् मले पुण्याले जायचं हाय का नाई, हे एकदा तरी इचारलं काय तुम्ही?"