ओल

“परत काच उघडी ठेवलीस?” गाडीतली ओली चटई पिळत श्रीरंगने विचारलं. जुनी गाडी पावसात आतून भिजली की बोलणी रेवतीलाच बसत.

रविवारी तो दुपारी झोपल्यावर तिने बॉनेट उघडलं. पुढच्या काचेखालची, पाणी वाहून जायची भोकं बकुळीच्या कुजलेल्या फुलांनी गच्च बुजली होती. तिने ती तारेने मोकळी केली आणि काचेवर बादलीभर पाणी ओतलं. आत एक थेंबही आला नाही.

“अहो, बघा! माझी चूक नव्हतीच!” तिने त्याला उठवून ओंजळीतली फुलं दाखवली.

“म्हणजे तुझ्याच झाडामुळे ना?” तो म्हणाला.

सोमवारी ती शाळेत शिकवून परतली, तेव्हा तिच्या वडिलांनी अंगणात लावून दिलेल्या बकुळीचा नुसता बुंधा उरला होता.

“आता नाही येणार पाणी,” श्रीरंग समाधानाने म्हणाला.